मुआंबा आपलाच होता

कॅनडातल्या विनिपेगमध्ये आमच्या ब्लू बॉम्बर्स या फुटबॉल संघाच्या ड्राफ्टवरून, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीवरून, वाद पेटला की थोड्याच वेळात कोणीतरी हेनॉक मुआंबाचं नाव काढतं. काढणारा बहुधा पन्नाशीपुढचा असतो. हातचं निसटलेलं स्थळ आठवावं तसं तो ते नाव घेतो, अर्ध्या कौतुकानं, अर्ध्या रागानं.

2011 च्या ड्राफ्टमध्ये अगदी पहिलं नाव पुकारलं गेलं ते मुआंबाचं, आणि पुकारलं ते आम्ही. किन्शासात जन्मलेला, मिसिसागात वाढलेला, नोव्हा स्कोशियातल्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाचा लाईनबॅकर, म्हणजे बचावातला गडी. तीन हंगाम तो इथे खेळला. मग एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बड्या लीगच्या, ओढीनं इंडियानापोलिसला गेला आणि पुढे कॅनडात परतला तो दुसऱ्यांच्या जर्सीत. 2022 चा ग्रे कप, म्हणजे कॅनेडियन लीगचा अंतिम सामना, रिजायनात झाला तेव्हा तो टोरंटोचा होता. सामना संपत आला असताना आमच्या क्वार्टरबॅकचा, चेंडू फेकणाऱ्या झॅक कोलारोसचा, पास त्यानं हवेतच उचलला. टोरंटो 24, विनिपेग 23. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू मुआंबा. सर्वोत्तम कॅनेडियन, तोही मुआंबाच.

आमच्या इथे एक काका आहेत, मूळचे अमरावतीचे. पोलो पार्कजवळ जुनं स्टेडियम होतं तेव्हापासूनचे तिकीटधारक. 2013 मध्ये संघ मॅनिटोबा विद्यापीठाच्या आवारातल्या नव्या स्टेडियमात गेला, काकाही गेले. बहुतेक वर्षी गणपती आणि शेजारच्या सस्कॅचेवान प्रांताच्या संघाविरुद्धचा सामना एकमेकांच्या अंगावर येतात, त्यामुळे आरतीला काकांचा एक हात टाळीला आणि दुसरा मोबाईलवर असतो. मुआंबाचा विषय निघाला की त्यांची मूळची बोली उसळून वर येते. "काय सांगू बाप्पा तुले! पोट्टं आपलं, शिकवलं आपण, अन् कप त्यायचा!"

खरं तर त्या दिवशी समोरच्या संघात आणखी एक आपला होता. अँड्र्यू हॅरिस. पण त्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ड्राफ्टच्या कुठल्याही यादीत ती सापडत नाही. तिच्याकडे येतो.

आधी ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडं. कॅनेडियन फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा मोठ्या अंगणातला भाऊ: 110 यार्डांचं मैदान, बाजूला बारा खेळाडू, दहा यार्ड पुढे सरकायला तीनच संधी. लीगमध्ये संघ नऊ. खेळाडूंमध्ये निम्म्याच्या आसपास अमेरिकन, आणि त्यांना संघ हवे तसे करारबद्ध करतात. ड्राफ्ट असतो तो कॅनेडियन पोरांचा. वसंतात, आठ फेऱ्या, आणि गेल्या हंगामात जे तळाला त्यांचा मान आधी. आपल्या आयपीएलच्या लिलावासारखा हातोडा नाही, बोली नाही, पैशाचा आकडा नाही. नाव पुकारलं की पोरगा त्या संघाचा. त्याला काय हवंय हे कोणी विचारत नाही.

हा ड्राफ्ट इतका महत्त्वाचा का, तर नियमामुळे. आक्रमण आणि बचाव मिळून जे चोवीस जण सुरुवातीला उतरतात त्यांत किमान सात कॅनेडियन हवेत, आणि 2023 पासून त्यांच्या जोडीला लीगमध्ये मुरलेला एखादा अमेरिकन चालतो. हे सात जण कुठे बसवायचे यावर प्रशिक्षकाची अर्धी झोप जाते. क्वार्टरबॅक बहुतेक अमेरिकन, कोपऱ्यावरचे बचावपटू अमेरिकन. मग कॅनेडियन पोरं जातात ती पुढच्या पाच जणांच्या फळीत, ऑफेन्सिव्ह लाईनवर. म्हणून पहिल्या फेरीत तीनशे पौंडांचे, कोणाच्या भिंतीवर पोस्टर न लागणारे गडी उचलले जातात आणि घराघरांत हळहळ होते, की अरे, तो पळत पास झेलणारा रिसीव्हर सोडून हा काय भोपळा घेतला?

काकांनी मला एकदा स्टेडियममध्ये चेंडूकडे बघायचं बंद करायला सांगितलं. "चेंडू सोड. त्या पाचायकडे पाहा." नोव्हेंबर होता, आम्ही खालच्या रांगांत. पाचही जणांच्या हेल्मेटमधून वाफ निघत होती. त्यांतल्या एकाच्या, गार्डच्या, बोटांना पांढरी पट्टी, पट्टीवर हिरवट डाग, आणि दोन डावांच्या मध्ये तो ती बोटं एकेक करून मुठीत दाबून सरळ करत होता. शिट्टी, चेंडू मागे, आणि पाच जण एका वेळी डावीकडे सरकले, दरवाजा ढकलावा तसे नाही, तर जड कपाट पायांनी इंच इंच सरकवावं तसे. मागून धावणारा त्यांच्या बगलेतून निघाला आणि सारं स्टेडियम त्याच्या नावानं ओरडलं. गार्ड उठला, पुन्हा बोटं सरळ करायला लागला. त्यानंतर मी पहिल्या फेरीतल्या लाईनमनला नाकं मुरडणं सोडलं.

आता आमचा हिशेब. 2017 ला पहिली निवड पुन्हा बॉम्बर्सच्या हातात होती. तीही फुकटातली, क्वार्टरबॅक ड्र्यू विली टोरंटोला दिला त्याच्या मोबदल्यात आलेली. घेतला फेथ एकाकिटी, आयोवाचा बचावफळीतला खेळाडू. तो फार टिकला नाही. आजही कोणाला व्यवस्थापनावर दात काढायचे असले की हे नाव पुरतं. पण त्याच पहिल्या फेरीत, मागून, आठव्या क्रमांकावर जेफ ग्रे घेतला होता. विनिपेगचाच पोरगा, मॅनिटोबा विद्यापीठाचा. तो आधी एनएफएलमध्ये नशीब आजमावून आला आणि मग इथे वर्षानुवर्षं फळी धरून उभा राहिला. एकाकिटीबद्दल बोलणारे शंभर भेटतील, ग्रेबद्दल बोलणारा एखादा.

2015 ला दुसऱ्या क्रमांकावर सुख चुंग. पोर्ट कोक्विटलमचा पंजाबी घरातला गडी. त्याचं आडनाव जर्सीच्या पाठीवर बघून आमच्या मंडळींतल्या ज्या बायकांना या खेळात काडीचा रस नव्हता त्यांनीही टीव्हीचा आवाज वाढवला होता. चार हंगाम त्यानं चोख काम केलं आणि 2019 च्या फेब्रुवारीत तो आपल्या घरच्या बीसी लायन्सकडे गेला. त्याच वर्षी आम्ही 29 वर्षांनी कप जिंकला. तो बिचारा तेव्हा व्हँकुव्हरला.

मग 2019 चा ड्राफ्ट. चौथ्या क्रमांकावर ड्र्यू डेजार्ले, पाचव्यावर जोनाथन काँगबो. डेजार्लेनं दोन कप जिंकले आणि 2022 च्या सुरुवातीला एनएफएलच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे गेला. परतला तेव्हा ऑटवाचा झाला. 2021 चा हंगामच घ्या: 2020 मध्ये एकही सामना झाला नव्हता, म्हणून ड्राफ्टचा क्रम सोडतीनं ठरला आणि गतविजेते असूनही आम्हाला तिसरा क्रमांक लागला. लियम डॉबसन घेतला. तो एक वर्ष टेक्सासमध्ये कॉलेजचंच खेळत राहिला आणि मग आला.

या यादीकडे बघून ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा फिलिपिनो पोरगा, जो इथेच जन्मला आणि ज्याला आकड्यांशिवाय काही पटत नाही, तो म्हणतो की आमची ड्राफ्टची नोंद सुमार आहे, पण त्यानं काही बिघडत नाही. कारण बघा: 2019, 2021, 2022, 2023, 2024. सलग पाच हंगाम ग्रे कपच्या अंतिम सामन्यात, दोन जिंकले. पाच वर्षं शेवटपर्यंत पोचणारा संघ पाच वर्षं रांगेत मागेच उभा असतो. चांगली पोरं पुढच्या पुढे संपतात. यश मिळालं की ड्राफ्ट रोडावतो, आणि रोडावलेल्या ड्राफ्टचं बिल चार-पाच वर्षांनी येतं. त्याच्या मते ते बिल आता आलं आहे.

मुद्दा बिनतोड आहे. तरी मला तो अर्धाच वाटतो. कारण आमच्या गेल्या दशकाचा कणा कोण होता हे पाहिलं तर ड्राफ्टची क्रमवारी जवळपास निरुपयोगी ठरते.

हॅरिस बघा. विनिपेगचा. त्याला कोणी ड्राफ्टमध्ये घेतलंच नाही. तो विद्यापीठाच्या वाटेनं न जाता व्हँकुव्हर आयलंडवरच्या ज्युनियर संघातून लायन्सकडे गेला. 2011 च्या ग्रे कपमध्ये लायन्सनी आम्हाला 34-23 हरवलं तेव्हा सामन्यातला सर्वोत्तम कॅनेडियन हाच. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं. 2016 ला तो घरी आला. 2019 च्या अंतिम सामन्यात हॅमिल्टनविरुद्ध 134 यार्ड धावला, दोन टचडाऊन केले, सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम कॅनेडियन हे दोन्ही मान एकाच सामन्यात मिळवणारा पहिलाच ठरला. 2022 ला टोरंटोनं त्याला नेलं आणि तिथे त्यानं आमच्याच विरुद्ध कप उचलला. एकच माणूस: एकदा आमचं नुकसान, एकदा आमचा उद्धार, पुन्हा नुकसान. यातलं काहीही ड्राफ्टच्या नोंदीत नाही.

निक डेम्स्की 2015 ला सहाव्या क्रमांकावर गेला, पण गेला सस्कॅचेवानला. 2018 मध्ये तो घरी परतला. ब्रेडी ओलिव्हेरा 2019 च्या दुसऱ्या फेरीत चौदावा. पहिल्या फेरीतल्या दोघांच्या बातम्यांत त्याचं नाव खाली कुठेतरी होतं. 2023 ला तो लीगचा सर्वोत्तम कॅनेडियन झाला आणि 2024 ला सगळ्या लीगचाच सर्वोत्तम खेळाडू. हॅरिस, डेम्स्की, ओलिव्हेरा, तिघेही शहराच्या पश्चिमेकडच्या ओक पार्क शाळेचे. त्या शाळेनं जेवढं दिलं तेवढं पहिल्या फेरीच्या कित्येक निवडींनी दिलं नाही. (ओलिव्हेराला भटकी कुत्री वाचवण्याचा ध्यास आहे. त्यामुळे आमच्या घरात फुटबॉल न बघणारी माझी मुलगी त्याची सगळ्यात मोठी चाहती आहे.)

आणि जेक थॉमस. 2012 च्या चौथ्या फेरीतला, न्यू ब्रन्सविकचा. त्याच्यासारख्या निवडीला आपल्याकडे खोगीरभरती म्हणतात. जर्सीवर अंक 95. मुआंबा गेला, चुंग गेला, डेजार्ले गेला, हॅरिस आला आणि गेला. थॉमस 2025 पर्यंत इथेच, बचावफळीच्या मधोमध, जिथे दर डावाला दोघे जण अंगावर येतात आणि टीव्हीच्या पडद्यावर तुमची फक्त पाठ दिसते.

माझं म्हणणं एवढंच आहे. विनिपेगला निवडता फारसं येत नसेल, पण घरी बोलावता येतं आणि थांबवता येतं, निदान काही वर्षं येत होतं. पोरगा पहिल्या कराराची दोन-तीन वर्षं स्वस्तात खेळतो, मग फेब्रुवारीत मोकळा होतो. नेमका पिकतो तेव्हाच. त्या फेब्रुवारीत तो काय ठरवतो ते एप्रिल-मेमधल्या पुकाऱ्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. सरव्यवस्थापक काइल वॉल्टर्स आणि प्रशिक्षक माईक ओशे ही जोडी 2013 च्या अखेरीपासून एकत्र आहे. इतकी वर्षं तेच दोन चेहरे दिसले की पोरांचे पाय अडखळतात, असं मला वाटतं. आईवडील जवळ, ओळखीचं ड्रेसिंग रूम, ओळखीचा ओरडा.

काळजी वाटते ती इथेच. टायरेल फोर्ड 2022 च्या दुसऱ्या फेरीत मिळालेला हिरा. एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्सकडे जाऊन आला, 2024 ला लीगच्या सर्वोत्तम संघात बसला. एडमंटननं त्याला 2025 च्या फेब्रुवारीत नेलं, तिथे तेव्हा त्याचा जुळा भाऊ ट्रे क्वार्टरबॅक होता. भावापुढे शहर काय करणार? किकर मार्क लिएगिओ 2020 च्या ड्राफ्टमधला. 2022 च्या त्याच ग्रे कपमध्ये शेवटी त्यानं मारलेली किक टोरंटोच्या रॉबी स्मिथनं अडवली आणि शहरानं त्याला माफ केलं नाही. तो हॅमिल्टनला गेला आणि तिथे छान स्थिरावला. त्याच्याविषयी आम्ही जे बोललो ते बरं नव्हतं. अडवलेल्या किकेत फळीचा दोष किती आणि किकरचा किती, हे कोणी विचारलं नाही. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं ठरवणारा एकटा नाचणाराच नसतो, बघणारेही तेच करतात.

आकडे बघितले तर घसरण सरळ दिसते. 2022 ला अठरापैकी पंधरा जिंकले, 2023 ला चौदा, 2024 ला अकरा, 2025 ला दहा. 2023 चा कप तेरा सेकंद उरले असताना मॉन्ट्रियलच्या टायसन फिलपॉटनं नेला, 28-24. तोही कॅनेडियन, 2022 च्या ड्राफ्टमध्ये नववा. 2024 ला पहिले चार सामने हरूनही संघ पश्चिम विभागात पहिला आला आणि अंतिम सामन्यात टोरंटोकडून 41-24 असा चोपला गेला. त्यात कोलारोसचं बोट फाटलं होतं, चार पास त्यानं समोरच्यांच्या हातात दिले. 2025 ला तर पश्चिमेत चौथे. नियमाच्या कृपेनं पूर्वेच्या बाजूनं बाद फेरीत घुसले आणि मॉन्ट्रियलला 42-33 हरून घरी आले.

घरी आले म्हणजे अक्षरशः, कारण 2025 चा ग्रे कप विनिपेगमध्येच होता. आणि अंतिम सामन्यात आलं कोण, तर सस्कॅचेवान.

हे वैर समजायला एक जुना किस्सा पुरे. 2003 मध्ये आमचा किकर ट्रॉय वेस्टवुड सस्कॅचेवानच्या लोकांना बॅंजो वाजवणारे गावंढळ अशा अर्थाचं काहीतरी बोलला, बोलला ते याहून वाईट. गहजब झाल्यावर त्यानं माफी मागितली ती अशी, की सस्कॅचेवानच्या बहुसंख्य लोकांना बॅंजो वाजवताच येत नाही, हे मला मान्य आहे. 2004 पासून सप्टेंबरमधल्या इथल्या सामन्याचं नावच बॅंजो बोल पडलं. तर अशा लोकांनी नोव्हेंबरात आमचं शहर भरलं. त्यांची रीत अशी की कलिंगड पोखरून शिरस्त्राणासारखं डोक्यावर घालायचं. पोर्टेज अव्हेन्यूवरच्या बसमध्ये माझ्यापुढे असा एक जण उभा होता. कलिंगडाच्या कडेवर चाकूचे ओरखडे, आतला गुलाबी गर नीट न खरवडलेला, आणि त्याचं पाणी कानामागून ओघळत हिरव्या जॅकेटच्या कॉलरमध्ये मुरत होतं. बाहेर गोठायची थंडी. शेजारच्या निळ्या टोपीतल्या आजीबाईंनी पर्समधून टिश्यू काढून त्याला दिला आणि म्हणाल्या, घे, तुमचा संघ जिंकू नये अशी माझी इच्छा आहे, पण तुला न्यूमोनिया व्हावा अशी नाही.

जिंकला त्यांचाच संघ. मॉन्ट्रियलला 25-17 हरवून, आमच्या मैदानात.

तेव्हापासून वादाला ऊत आला आहे. एक गट म्हणतो संघ म्हातारा झाला, कोलारोस सदतिशीचा, ड्राफ्ट नीट केला असता तर आज मागून पोरं तयार असती. दुसरा म्हणतो ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक मिळत नसतोच, त्याचं खापर तिथे का फोडता. कोलारोसला तरी कुठे ड्राफ्टमधून आणला होता? 2019 च्या ऑक्टोबरात टोरंटोला भावी निवडी देऊन आणला. त्याच हंगामातला त्याचा तो तिसरा संघ होता, कोणालाच नको होता. ज्या निवडी दिल्या त्यांतून टोरंटोनं कोण घेतलं हे आज इथे कोणाला धड आठवत नाही आणि कोणी बघायलाही जात नाही.

दोन्ही गट अशा अधिकारानं बोलतात की जणू संघ त्यांच्या सातबाऱ्यावर आहे. एका अर्थी आहेच. बॉम्बर्सना मालक नाही. क्लब समाजाचा, चालवतं संचालक मंडळ. उद्योगपतीची मर्जी नावाचं जे पांघरूण इतर बऱ्याच शहरांतल्या चाहत्यांना मिळतं ते आम्हाला मिळत नाही. चुकलं तर आपलंच चुकलं. त्यामुळे किराणा दुकानाच्या रांगेतला माणूसही "आपण तिसऱ्या फेरीत काय करायला हवं होतं" असं म्हणतो, आणि त्या "आपण"मध्ये न विचारता मलाही ओढून घेतो. मी इथे आलो तेव्हा मला या शहरात इतर कशातही इतक्या सहज कोणी ओढलं नव्हतं.

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी पत्रकार प्रत्येक संघाला श्रेणी देतात, अ, ब, क. मला ती गंमत वाटते. पोरगा पहिली दोन वर्षं किकच्या मागे धावण्यात घालवणार, स्पेशल टीम्समध्ये. तिथे डोकं फुटेस्तोवर पळायचं आणि नाव कोणी घ्यायचं नाही. आमचा माईक मिलर तिथेच आयुष्य काढून लीगच्या इतिहासात स्पेशल टीम्सवर सर्वाधिक टॅकल करणारा, म्हणजे समोरच्याला आडवं पाडणारा, ठरला. तिसऱ्या वर्षी कुठे एखाद्याला फळीत जागा मिळते, चौथ्या वर्षी तो जातो किंवा राहतो. श्रेणी द्यायचीच तर तेव्हा द्यावी, पण तोवर पत्रकारही बदललेला असतो.

येत्या वसंतात पुन्हा नावं पुकारली जातील. 2025 ला लवकर गारद झाल्यानं यंदा आम्ही रांगेत अगदी शेवटी नसू, एवढाच काय तो दिलासा. ऑफिसातल्या पोरानं तक्ता बनवला आहे: वजन, उंची, चाळीस यार्डांची वेळ. काकांना रिसीव्हर हवा आहे. फिलपॉटचे ते तेरा सेकंद त्यांच्या डोक्यातून जात नाहीत. मी म्हटलं, काका, लाईनमन घेऊ द्या, कोलारोसला आता पळवत नाही, त्याच्यासमोर भिंत हवी. तक्त्यातल्या एका गार्डचं नाव मी त्यांना दाखवलं, त्याची उंची सांगितली, वजन सांगितलं, कोणकोणत्या संघांविरुद्ध तो कसा खेळला ते सांगितलं.

काकांनी चष्मा वर करून नाव वाचलं. "ते सगळं ठीक आहे. पोट्टं मॅनिटोबाचं आहे का? नसन त राहू दे."